मुक्काम पोस्ट ९००८

या घटनाक्रमातला मुलगा कोणी एकजण नाही. २०१८ च्या पावसाळ्यात ज्यांच्या खिशात रेडमी नोट ५ प्रो होता, शेल्फवर इंजिनिअरिंगची पुस्तकं होती आणि डोक्यात ‘आपला फोन, आपली मर्जी’ हे पक्कं बसलं होतं, अशा पुष्कळांचा मिळून तो तयार झाला आहे. त्याला मी पुण्यात कर्वेनगरला, कॉट बेसिसच्या खोलीत ठेवलं आहे. महिना जुलैचा. फोन कायमचा गप्प झाला तो क्षण, रविवारी रात्री ११ चा, शून्य धरला आहे आणि तास तिथून मागे मोजले आहेत.

३९६ तास आधी. शुक्रवार, सकाळी ११

फोन फेब्रुवारीत बाजारात आला, १३,९९९ रुपयांना. दुपारी १२ च्या फ्लॅश सेलमध्ये तीन मित्रांनी तीन लॅपटॉपवर बोटं ठेवून तो मिळवला होता. स्नॅपड्रॅगन ६३६, ४,००० एमएएचची बॅटरी, मागे दोन कॅमेरे. त्या किमतीत तक्रारीला जागा नव्हती. तक्रार निघाली ती एका मैत्रिणीच्या गूगल पिक्सेलवर काढलेला संध्याकाळचा फोटो पाहिल्यावर. कॅमेरे साधारण सारखेच, मग फरक कसला? उत्तर मिळालं: ॲपचा. गूगलचं कॅमेरा ॲप काही हौशी प्रोग्रामरांनी इतर फोनांसाठी जुळवून ठेवलं होतं. पण ते चालायला फोनमधली एक सोय जागी करावी लागे आणि ती कंपनीने निजवून ठेवली होती. जागी करायला एक ओळ पुरे. ती ओळ लिहायला रूट, म्हणजे फोनवरचा पूर्ण अधिकार हवा, रूटसाठी वेगळी रिकव्हरी हवी आणि रिकव्हरीसाठी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडायला हवं.

फोन बनवणाऱ्या शाओमीचा नियम सरळ होता: डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन खातं फोनशी बांधा, अर्ज करा आणि ३६० तास थांबा. पंधरा दिवस. उतावळ्यांनी विचार करावा म्हणून दिलेली ही मुदत. उतावळे त्या मुदतीत विचार करत नाहीत, व्हिडिओ बघतात. यानेही बघितले.

३६ तास आधी. शनिवार, सकाळी ११

फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबलं की फास्टबूट, म्हणजे लॅपटॉपकडून आज्ञा घेणारी अवस्था. पडद्यावर कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या हिरव्या यंत्रमानवाची दुरुस्ती करत बसलेला दिसतो. पुढच्या दीड दिवसात हा ससा इतक्यांदा भेटणार आहे की त्याचं कौतुक राहणार नाही.

केबल लावली, लॅपटॉपवर अनलॉक टूल चालवलं, टक्के शंभरापर्यंत गेले. सगळा डेटा पुसला जाईल ही सूचना त्याने वाचली होती. फोटो आधीच हार्ड डिस्कवर उतरवले होते, व्हॉट्सॲपचा बॅकअप ड्राइव्हवर होता. मुलगा निष्काळजी नाही हे इथेच सांगून ठेवतो. असल्या गोष्टींत नेहमी एक बावळट नायक लागतो, पण खरे फोन मेले ते बऱ्यापैकी जाणकार मुलांच्या हातून. बावळट पहिल्याच पायरीवर घाबरून परत फिरतात.

फोन उघडला. सुरू होताना खाली ‘अनलॉक्ड’ असं बारीक अक्षरांत येऊ लागलं.

३४ तास आधी. दुपारी १

रिकव्हरी म्हणजे फोनच्या पोटातली छोटी दुसरी व्यवस्था. मुख्य अँड्रॉइड झोपलेलं असताना दुरुस्ती करायला ती उठते. कंपनीची रिकव्हरी फक्त कंपनीचंच ऐकते. तिच्या जागी टीडब्ल्यूआरपी बसवली की ती कोणाचंही ऐकते.

कमांड दिली, ‘ओके’ आलं, फोन सुरू केला, पुन्हा रिकव्हरीत गेला तर कंपनीचीच रिकव्हरी हजर. मूळ प्रणाली सुरू झाली की ती स्वतःची रिकव्हरी परत बसवते. त्यामुळे नवी बसवल्यावर मध्ये कुठे न थांबता थेट तिच्यातच शिरावं लागतं. दुसऱ्या खेपेला त्याने केबल काढता काढताच बटणं दाबून धरली आणि टीडब्ल्यूआरपीचा पडदा उघडला. स्टोरेज मात्र शून्य एमबी दाखवत होतं. डेटा कूटबद्ध होता, नव्या रिकव्हरीला किल्ली लागेना. ‘फॉरमॅट डेटा’, खाली रोमन अक्षरांत ‘येस’ टाइप करा, झालं. फोन आज सकाळीच रिकामा झाला होता, त्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं.

पण हे बटण लक्षात असू द्या.

३१ तास आधी. दुपारी ४

तैवानच्या जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये आणलेलं मॅजिस्क तोवर रूटचा राजमार्ग झालं होतं. सिस्टीमच्या विभागाला धक्का न लावता ते सुरू होण्याच्या प्रतिमेत शिरतं, त्यामुळे नको असेल तेव्हा काढता येतं. फाइल निवडली, निळी पट्टी उजवीकडे सरकवली, फोन चालू केला. टर्मिनल ॲप उघडून ‘एसयू’ टाइप केलं, परवानगीची खिडकी आली, ‘ग्रँट’. मग ती ओळ: सेटप्रॉप, पर्सिस्ट डॉट कॅमेरा डॉट एचएएल३ डॉट एनेबल्ड, आणि शेवटी १.

गूगलचा कॅमेरा चालू झाला. खिडकीतून पावसाळी आभाळ, समोरच्या इमारतीचा जिना, जिन्यातला पिवळा बल्ब. आधी एक तर आभाळ पांढरं व्हायचं नाहीतर जिना काळा. आता दोन्ही दिसत होते, आणि जिन्यात वाळत घातलेल्या छत्रीच्या काड्यासुद्धा.

ज्यासाठी हे सगळं आरंभलं ते दुपारी ४ वाजता पदरात पडलं होतं. घटनाक्रम इथे संपायला कोणाचीच हरकत नव्हती.

२६ तास आधी. रात्री ९

‘एवढं झालंच आहे तर’ हे चार शब्द कोणत्याही लॉगमध्ये उमटत नाहीत.

कंपनीच्या मीयूआयमध्ये जाहिराती येत, सेटिंगमध्ये सुद्धा. त्याउलट शुद्ध अँड्रॉइडचे रॉम, म्हणजे हौशींनी बनवलेल्या तयार प्रणाली, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये रोज नवे येत होते. ही परंपरा जुनी आहे. स्टीव्ह कोंडिकने २००९ मध्ये सायनोजेनमॉड सुरू केलं, २०१६ च्या डिसेंबरात ते बंद पडलं आणि त्याच्याच राखेतून लिनिएजओएस उभं राहिलं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी फोनांना या लोकांनी फुकटात चार-चार वर्षं जगवलं आहे. कस्टम रॉम म्हणजे उपद्व्याप, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

त्याने आधी टीडब्ल्यूआरपीतून पूर्ण बॅकअप घेतला. शहाणपणाचं काम. मेमरी कार्ड नव्हतं, तेव्हा बॅकअप फोनच्याच अंतर्गत स्टोरेजमध्ये गेला. मग अँड्रॉइड ८.१ वरचा एक रॉम निवडला आणि पट्टी सरकवली.

‘अपडेटर प्रोसेस एंडेड विथ एरर ७.’

या छंदातल्या प्रत्येकाला एरर ७ भेटलेली असते. रॉमच्या झिप फाइलमध्ये अपडेटर-स्क्रिप्ट नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्या पहिल्या ओळी ‘असर्ट’ या शब्दाने सुरू होतात. हाच फोन आहे ना? मोडेमची आवृत्ती मला चालणारी आहे ना? उत्तर नाही असं आलं की काम तिथेच थांबतं. इथे अडलं होतं ते मोडेमवर. फोनखालचं फर्मवेअर अँड्रॉइड ७ च्या काळातलं आणि रॉमला हवं होतं ८ चं.

उपाय शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. झिप उघडा, स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये घ्या, असर्टच्या ओळी खोडा, परत झिप करा. शंभर व्हिडिओंत शंभर जण हेच करताना दिसतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा काम होतं. रिकव्हरी जुनी असते, फोनचं नाव एका अक्षराने वेगळं लिहिलेलं असतं, तपासणी उगाचच अडवते. म्हणून ओळी खोडायची सवय लागते. त्याने खोडल्या. रॉम मुकाट्याने बसला.

त्या रात्री तो जे शिकला ते रॉम बसवण्यापेक्षा महाग पडलं: फोन अडवतो तेव्हा अडवणारी ओळ शोधायची आणि काढून टाकायची.

२४ तास आधी. रात्री ११

बूटलूप. रॉमचं चिन्ह गोल गोल फिरतंय, फिरतंय, पुन्हा पहिल्यापासून. जुन्या प्रणालीचा डेटा नव्या प्रणालीला वाचता येत नव्हता. ग्रुपमध्ये विचारल्यावर आठ जणांनी एकच उत्तर दिलं: फॉरमॅट डेटा मार.

त्याने मारला. ‘येस’ टाइप केलं. अंतर्गत स्टोरेज पुसलं गेलं आणि त्याबरोबर दोन तासांपूर्वीचा पूर्ण बॅकअपही. हे त्याच्या ध्यानात यायला आणखी वीस तास जायचे होते. फोन मात्र सुरू झाला. स्वच्छ, पांढरा, एकही जाहिरात नाही.

२२ तास आधी. रविवार, रात्री १

सिमला रेंज नाही. वरच्या पट्टीवर रिकामा त्रिकोण.

त्याचं कार्ड जिओचं. बाकी कंपन्यांच्या ग्राहकाला निदान टूजीवर बोलता तरी येतं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, तेव्हा सगळे कॉल फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीवरून. व्होल्टी चाललं नाही तर फोन हा फोनच राहत नाही. आणि व्होल्टी चालवणारं मोडेमचं फर्मवेअर रॉममध्ये नसतं. ते खाली, वेगळ्या विभागांत राहतं, ज्यांना रॉम हात लावत नाही. म्हणजे असर्टच्या ज्या ओळी त्याने खोडल्या त्या हेच सांगत होत्या. खोडल्याने मोडेम काही बदललं नव्हतं.

२१ तास आधी. रात्री २

ग्रुपमधून सल्ला आला: ‘ब्रो, लेटेस्ट फर्मवेअर टाक.’ सल्ला चूक नव्हता. सोबत फाइलही आली, लहानशी, त्याच महिन्यातल्या मीयूआय १० च्या बीटातून काढलेली.

या झिपमध्ये काय असतं ते नीट पाहायला हवं, कारण या कहाणीतला खरा क्षण हा आहे. त्यात मोडेम असतं. ब्लूटूथ असतं. बोटाच्या ठशांची आणि पासवर्डची गुपितं सांभाळणारा सुरक्षित भाग असतो. आणि एक्सबीएल नावाचा छोटा प्रोग्राम असतो. फोनचं बटण दाबल्यावर प्रोसेसरच्या आत कारखान्यात कोरलेला, कधीच न बदलणारा कोड आधी जागा होतो. तो पहिलं काम करतो ते एक्सबीएलला तपासायचं. सही कंपनीची आहे का? आणि दुसरं, आवृत्तीचा क्रमांक किती?

या क्रमांकाला अँटी-रोलबॅक इंडेक्स म्हणतात. कल्पना वाईट नाही. समजा जुन्या बूटलोडरमध्ये एक भोक सापडलं आणि कंपनीने नव्या आवृत्तीत ते बुजवलं. चोराने काय करावं? चोरलेल्या फोनवर जुनी आवृत्ती परत टाकावी आणि त्याच भोकातून आत जावं. सही तर तिच्यावरही कंपनीचीच आहे! म्हणून नव्या आवृत्तीला वरचा क्रमांक देतात आणि ती एकदा चालू झाली की तो क्रमांक प्रोसेसरमधल्या सूक्ष्म फ्यूजांमध्ये नोंदवला जातो. फ्यूज म्हणजे ओढलेली काडी. पुन्हा न ओढलेली होत नाही. त्यानंतर फ्यूजपेक्षा खालचा क्रमांक घेऊन येणाऱ्या एक्सबीएलला आतला कोड उभाच करत नाही.

नोट ५ प्रोसाठी हा क्रमांक त्या उन्हाळ्यापर्यंत ३ किंवा त्याखाली होता. जुलैच्या सुमारास आलेल्या आवृत्त्यांमध्ये तो ४ झाला.

इथे एक गैरसमज सगळ्यांचाच होता. बूटलोडर अनलॉक केलं म्हणजे फोन सगळ्या बाजूंनी उघडला, असं वाटतं. अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने आणलेल्या पडताळणीत उघड्या फोनला मागे जायची मुभा आहेच. पण ती पडताळणी वरच्या मजल्यावरची. तळाशी प्रोसेसर स्वतः जी तपासणी करतो तिला अनलॉकशी देणंघेणं नाही. कुलूप उघडं असो वा बंद, एक्सबीएलची सही आणि क्रमांक दरवेळी बघितला जातो.

पट्टी सरकवली. पंचवीस-तीस सेकंदांत ‘सक्सेसफुल’. फोन पुन्हा चालू झाला, आणि चालू होता होता आत ३ चा ४ झाला. पडद्यावर काही आलं नाही. कंप नाही, इशारा नाही, ‘येस’ टाइप करा असंही कोणी म्हणालं नाही. डेटा पुसायला दोनदा विचारणाऱ्या यंत्राने ही गोष्ट विचारली नाही. याबद्दल कंपनीला दोष द्यावा तर कंपनीने ही झिप अशी टाकायला सांगितलंच नव्हतं. ग्रुपला द्यावा तर त्यांनी नेटवर्क आणून दिलं होतं.

कारण रेंज आली. चारही काड्या आणि शेजारी ‘व्होल्टी’. रात्री २ वाजून गेले होते, तरी खात्री म्हणून त्याने रूममेटला मिस्ड कॉल दिला. शेजारच्या कॉटवरून शिवी आली.

१३ तास आधी. सकाळी १०

सगळं छान. पोहे, चहा, ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट.

९ तास आधी. दुपारी २

बँकेचं ॲप उघडेना. ‘तुमचं उपकरण सुरक्षित नाही.’ मेसचे पैसे पाठवायचे होते. गूगलची सेफ्टीनेट ही तपासणी तेव्हा रूट झालेल्या फोनला नापास करत असे. मॅजिस्क हाइडने ती चुकवता येई, पण काही बँकांची ॲप मॅजिस्कचा माग स्वतःच्या पद्धतीने काढत. त्याने ॲपचा डेटा पुसला, हाइडच्या यादीत नाव घातलं, मॅनेजर वेगळ्या नावाने बसवला. तीन तास गेले. मधेच आईचा फोन आला तेव्हा समोरचा आवाज ऐकू येईना. जवळ धरलेला पडदा काळा होऊन परत उजळेना. सेन्सरचं काहीतरी. ‘तुझा फोन नवाच आहे ना रे?’ असं तिने रूममेटच्या फोनवर विचारलं.

संध्याकाळी ५ ला ठरलं: खेळ पुरे. मूळ प्रणालीवर परत जायचं.

४ तास आधी. संध्याकाळी ७

टीडब्ल्यूआरपी. रिस्टोर. यादी रिकामी.

तो काही क्षण यादीकडे बघत राहिला असेल. मग काल रात्रीचा ‘येस’ आठवला.

आता उरला राजमार्ग: कंपनीचा संपूर्ण फास्टबूट रॉम उतरवून लॅपटॉपवरून टाकायचा. ताजी फाइल दोन जीबीच्या आसपास. खोलीत वायफाय नाही, आणि जिओचा रोजचा कोटा आज मॅजिस्कच्या तीन आवृत्त्या आणि व्हिडिओ यांत दुपारीच उडाला होता. त्यानंतर वेग ६४ केबीपीएस. या वेगाने दोन जीबी उतरायला तीन दिवस लागतात, हा हिशेब त्याने वहीच्या मागच्या पानावर केला. नवा कोटा रात्री १२ ला.

पण हार्ड डिस्कवर एक फाइल होती. कॉलेजच्या लॅबमधून उतरवून ठेवलेली, मीयूआय ९.५ ची. याच मॉडेलची, कंपनीची, सही असलेली. त्याच्या जागी तुम्ही असता तर रात्री १२ पर्यंत थांबला असता का? उद्या सकाळी मेसचे पैसे, आईला फोन, आणि फाइल तर हाताशी.

१ तास आधी. रात्री १०

लॅपटॉपवरून फाइल टाकायचं टूल, मीफ्लॅश, उघडलं. खालच्या कोपऱ्यात तीन पर्याय असतात आणि त्यांतला जो आपोआप निवडलेला असतो तो ‘क्लीन ऑल अँड लॉक’. हा कुप्रसिद्ध सापळा आहे: फाइल टाकून झाल्यावर बूटलोडरला परत कुलूप लागतं आणि काही बिनसलं तर परतीची वाट बंद. त्याला हे माहीत होतं. त्याने ‘क्लीन ऑल’ निवडलं. पुन्हा म्हणतो, मुलगा निष्काळजी नाही.

फ्लॅश. दोन सेकंदांत लाल ‘एरर’. लॉगमध्ये ओळ: ‘करंट डिव्हाइस अँटीरोलबॅक व्हर्जन इज ग्रेटर दॅन धिस पॅकेज.’

एका दिवसात फोनने त्याला शेवटी खरंखुरं, मुद्द्याचं वाक्य सांगितलं होतं. एरर ७ सारखा आकडा नाही, सरळ वाक्य.

३५ मिनिटं आधी

६४ केबीपीएसवर पानं उघडत नाहीत, टेलिग्रामचा मजकूर तेवढा येतो. फोन पुन्हा चालू करून त्याने ओळ ग्रुपमध्ये टाकली. फास्टबूटमध्ये ‘गेटव्हार अँटी’ ही एक कमांड दिली असती तर पडद्यावर ४ आला असता आणि ४ चा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाववलं नसतं. पण त्या रविवारी रात्री ग्रुपमध्ये जागे होते ते त्याच्याच वयाचे आणि त्याच्याइतकंच जाणणारे. पहिलं उत्तर आलं: ‘बॅट फाइलमधून त्या लाइन्स काढ. मी माझ्यावर केलंय.’ खोटं नसेलही. त्याच्या फोनचा क्रमांक ३ असेल.

२० मिनिटं आधी

फ्लॅश-ऑल ही बॅच फाइल नोटपॅडमध्ये. वरून काही ओळींवर ‘करंट अँटी व्हर्जन’ असं लिहिलेलं, पुढे आकडा, पुढे तुलना, पुढे बाहेर पडण्याची आज्ञा. त्याखाली लांबच लांब रांग: फ्लॅश एक्सबीएल, फ्लॅश टीझेड, फ्लॅश मोडेम.

कालची अपडेटर-स्क्रिप्ट आणि आजची ही फाइल, नोटपॅडमध्ये दोन्ही दिसायला सारख्याच. साधा मजकूर, खोडला की गेला. फरक हा की कालच्या ओळी रॉम बनवणाऱ्याचं मत सांगत होत्या आणि आजच्या प्रोसेसरचं. काल ओळ खोडून पुढे गेलेल्याला नेटवर्क गमवावं लागलं, तेही तीन तासांत परत आलं. आज तपासणी करणारा या फाइलमध्ये बसलेलाच नव्हता. फाइल फक्त त्याचा निरोप आधी पोचवत होती.

त्याने चार-पाच ओळी निवडल्या, डिलीट, कंट्रोल एस.

८ मिनिटं आधी

फ्लॅश. या वेळी एरर नाही. हिरवी पट्टी सरकू लागली. सेंडिंग, ओके. रायटिंग, ओके. एक्सबीएल अर्ध्या सेकंदाच्या आत लिहून झालं, ओके. ज्या मेमरीवर तो लिहिला गेला तिला क्रमांकाशी कर्तव्य नव्हतं. ती काहीही लिहून घेते. सिस्टीमचा मोठा तुकडा जायला पाचेक मिनिटं लागली, तेवढ्यात त्याने बादली भरायला लावली.

शून्य. रविवार, रात्री ११

‘सक्सेस’, हिरव्यात. फोन रीबूट झाला, म्हणजे ससा गेला. कंप व्हायला हवा होता, झाला नाही. चिन्ह यायला हवं होतं, आलं नाही. पॉवर दाबून धरलं, दहा सेकंद, तीस सेकंद. वरचं बटण आणि पॉवर. खालचं आणि पॉवर. तिन्ही. चार्जर लावला, विजेचं चित्रही नाही.

लॅपटॉपने मात्र यूएसबी जोडल्याचा तो ओळखीचा आवाज केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टांच्या यादीत नवं नाव: क्वालकॉम एचएस-यूएसबी क्यूडीलोडर ९००८.

आतल्या कोडने एक्सबीएल वाचला, क्रमांक ३ पाहिला, फ्यूजात ४ पाहिला आणि नकार दिला. पुढे न्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तो आणीबाणीच्या मुक्कामावर जाऊन बसला. या अवस्थेत पडदा नाही, बटणं नाहीत, फास्टबूट नाही. केबलवरून कोणी योग्य सहीचा प्रोग्राम पाठवेल याची वाट पाहायची, एवढंच.

१ तास नंतर

१२ वाजले, जिओचा नवा कोटा आला. रूममेटच्या फोनवर कार्ड घालून तो वाचत सुटला. ग्रुपमध्ये खाली एक नवा निरोप होता: ‘लाइन्स काढू नको, आधी गेटव्हार अँटी बघ.’ १०:५८ चा.

रात्री ३ पर्यंत एवढं समजलं: ९००८ मधून फोन उठवता येतो, फाइल मात्र क्रमांक ४ चीच हवी. ती आता उतरवता येत होती. पण मीफ्लॅशने ती पाठवायला सुरुवात केली की खिडकी उघडते आणि खातं मागते, कंपनीने अधिकार दिलेलं. पंधरा दिवस थांबून मिळवलेलं त्याचं खातं तिथे चालत नाही. ते असतं सर्व्हिस सेंटरवाल्यांकडे.

१२ तास नंतर. सोमवार, सकाळी ११

आधी सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलीने फोन आत नेला, अर्ध्या तासाने परत आणला. मदरबोर्ड बदलावा लागेल, वॉरंटीत बसत नाही. आकडा ऐकून तो तडक बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत.

अर्ध्या शटरचं दुकान, काचेखाली उघडे पडलेले फोन, वर गरम हवेचं मशीन. कारागिराने मान वर न करता विचारलं, ‘काय झालं?’

‘सॉफ्टवेअर मारताना बंद पडला.’

‘कोण मारत होतं?’

‘मीच.’

त्याने केबल जोडली, यादीतला ९००८ बघितला, हसला नाही. ‘जुनी फाइल टाकलीस ना? या महिन्यात बरेच आलेत.’ बोर्ड बदलायचं नाव त्याने काढलं नाही. कुठल्याशा दुसऱ्या शहरातल्या माणसाला व्हॉट्सॲप केला. त्याच्याकडे खातं होतं. पैसे आधी पाठवले, टीमव्ह्यूअर लागलं आणि दुकानातल्या लॅपटॉपवर माउसचा बाण आपोआप फिरू लागला. खिडकी उघडली, नाव-पासवर्ड ठिपक्यांत पडले, पट्टी सरकू लागली. पोरगा वाकून बघायला गेला तर कारागिराने स्टूल दाखवलं.

बारा-पंधरा मिनिटांनी फोन थरथरला. केशरी चौकोन, भाषा निवडा. कारागिराने परत बंद करून ससा आणला, एक कमांड मारली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. अँटी: ४.

‘हे बघून ठेव. याच्या खालचं काही टाकू नको, परत इथेच येशील.’ मग वायफायचा पासवर्ड सांगितला, सिम घालून कॉल लावून बघायला लावला आणि दोन्ही बाजूंनी आवाज नीट येतोय याची खात्री केली.

पैसे देताना पोराने बिल मागितलं, घरी दाखवायला.

‘सॉफ्टवेअरचं बिल नसतं,’ कारागीर म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन उघडायला घेतला.